बोक्याचा बंदोबस्त: तळमजल्यावरच्या दोन मांजरांसाठी केलेल्या कामाच्या नोंदी

जागा: पुणे, चार मजल्यांची जुनी सोसायटी, तळमजल्याचा फ्लॅट. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून उतरलं की 12 × 8 फुटांचं अंगण, पलीकडे पाच फुटी कंपाउंडची भिंत. घरात दोन मांजरं: बंड्या (नर, पाच वर्षं) आणि मनी (भाटी, तीन वर्षं). दोघांची नसबंदी झालेली. मागचं दार दिवसभर उघडं, दोघं अंगणात आणि भिंतीवर मोकळी. तक्रार अशी की बाहेरचा पांढरा-पिवळा बोका अंगणात उतरून बंड्याला मारतो आणि हल्ली स्वयंपाकघरातही शिरतो.

18 जानेवारी

भिंतीकडे बघायच्या आधी मांजर तपासलं. 16 तारखेच्या रात्री झटापट झाली होती. घरच्यांच्या मते "काही लागलं नाही". बंड्याच्या शेपटीच्या मुळाशी केस बाजूला केल्यावर दोन बारीक खपल्या दिसल्या, भोवती गरम सूज, ताप 39.9 अंश सेल्सिअस. मांजराचं नेहमीचं तापमान 38.1 ते 39.2 असतं.

मांजराचा चावा बाहेरून फसवतो. सुळे लांब आणि बारीक असतात, त्यांनी पडलेलं भोक दिवसभरात मिटतं आणि तोंडातले जंतू, बहुतेक वेळा पाश्चुरेला, कातडीखाली अडकतात. दोन ते पाच दिवसांत गळू धरतं. म्हणून मारामारी झाली की त्याच रात्री अंगभर बोटं फिरवून बघायचं. शेपटीचं मूळ, मागच्या मांड्या, पुढचे पाय, गाल आणि मान या जागा आधी. जखम कुठे आहे त्यावरून लढत कशी झाली तेही कळतं. चेहऱ्यावर आणि पुढच्या पायांवर लागलेलं मांजर समोरासमोर उभं राहिलेलं असतं, शेपटीपाशी लागलेलं पळताना सापडलेलं असतं. बंड्या पळत होता. म्हणजे तो भांडखोर नाही, त्याला पळायला जागा कमी पडते. पुढच्या सगळ्या आखणीत हे धरायचं आहे.

डॉक्टरांनी गळू फोडून धुतलं, प्रतिजैविक सुरू केलं, गळ्यात कॉलर घातली. रेबीजची लस वेळेवर झालेली असली तरी अनोळखी मांजराचा चावा असल्याने बूस्टर लगेच दिला. घरी जखम धुवायला उकळून गार केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ पुरतं. पोव्हिडोन आयोडीन वापरायचंच तर फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून. डेटॉल नाही: त्यातलं फिनॉलच्या जातीचं रसायन मांजराच्या यकृताला पचत नाही आणि मांजर ते चाटणारच. हळद-तेलाचा लेप लावला की तोंड बंद होतं, पू आत राहतो. आणि पॅरासिटामॉल कधीच नाही. माणसाच्या तापाची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते.

एफआयव्हीची (मांजरांची प्रतिकारशक्ती पोखरणाऱ्या विषाणूची) तपासणी आज करून उपयोग नाही. तो विषाणू मुख्यतः खोल चाव्यातून जातो आणि त्याविरुद्धची प्रतिद्रव्यं रक्तात दिसायला वेळ लागतो. चाव्यानंतर 60 दिवसांनी, म्हणजे 17 मार्चनंतर करायची. तोवर दोन्ही मांजरं घरात, मागचं दार बंद.

19 जानेवारी

अंगणाची मोजणी. भिंतीच्या माथ्यावर जुन्या काचा रोवलेल्या आहेत. बोका त्यांच्यामधून निवांत चालत येतो. कापतात ते पंजे घाबरून उडी मारणाऱ्या मांजराचे. काचा छिन्नीने काढून माथा गुळगुळीत करायचा, पण भिंत सोसायटीची असल्याने आधी सेक्रेटरींचं लेखी पत्र.

दाराशी आणि भिंतीवर निळ्या पाण्याच्या बाटल्या टांगलेल्या होत्या. त्यांनी कुत्रं हटत नाही आणि मांजरही नाही. कोपऱ्यात डांबरगोळ्या आणि काळं फिनाईल. दोन्ही आजच काढायला सांगितलं, कारण बोका एक चक्कर मारून जातो, विष मात्र घरच्या मांजरांच्या पंजांना चोवीस तास लागतं. डांबरगोळीतलं नॅप्थॅलिन आणि काळ्या फिनाईलमधली फिनॉलं पंजे चाटताना पोटात जातात. निलगिरी, संत्र्याच्या सालीचं तेल, टी ट्री तेल हे "नैसर्गिक" उपायही त्याच रांगेत. मिरची पूड टाकणाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा आधी घरच्या मांजराचे डोळे कोण धुणार हे विचारावं.

24 जानेवारी

बोका कुठून येतो? दोन साधनं लावली. पहिलं वाय-फाय कॅमेरा, जमिनीपासून दीड फुटावर, भिंतीकडे तिरका. वर छताला लावला तर मांजराची पाठ दिसते, तोंड आणि कान दिसत नाहीत. दुसरं साधन पांढरी रांगोळी. भिंतीच्या माथ्यावर, पन्हाळाच्या पाइपाशी आणि खिडकीच्या छज्जावर चाळणीने पातळ थर दिला. रंगीत रांगोळी नको, आणि तांदळाची पिठी तर अजिबात नको, मुंग्या येतात. मांजराचा ठसा गोलसर, चार बोटांचा, नखांच्या खुणा नसलेला असतो; घुशीच्या लांबट बोटांत आणि यात गोंधळ होत नाही.

बोका शेजारच्या इमारतीच्या एसीच्या बाहेरच्या युनिटवरून भिंतीवर उतरतो, भिंतीवरून फिरून मागच्या खिडकीच्या छज्जावर बसतो आणि तिथून आत बघतो. वेळ पहाटे पाचच्या सुमारास आणि रात्री आठ ते दहा. गाल जाड, मान रुंद, कान अखंड (नसबंदी केलेल्या बेवारस मांजराच्या कानाचं टोक खूण म्हणून कापतात), म्हणजे नसबंदी न झालेला पुरता नर. तोंडाचा तो गोल थोराड आकार टेस्टोस्टेरॉनने येतो. कमी वयात नसबंदी झालेल्या नराला असे गाल येत नाहीत.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्यात अनपेक्षित मिळाली. पार्किंगमधल्या मीटररूमच्या दाराखालून एक करडी भाटी ये-जा करते. पोट सपाट, आचळांना दूध नाही, कान अखंड. जानेवारीपासून दिवस मोठे होऊ लागतात तशा भाट्या माजावर येतात. बोका बंड्यासाठी येतच नाही. तो या भाटीसाठी येतो आणि तिच्या रस्त्यात बंड्याचं अंगण पडतं. कामाचा क्रम इथे बदलला: आधी ही दोन मांजरं, मग जाळी.

27 जानेवारी

बोक्याला इथे थांबवणाऱ्या गोष्टी तीन. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्याखाली रोज रात्री दूध-भात आणि मासळीची डोकी ठेवतात, वाटी सकाळपर्यंत तिथेच. ओल्या कचऱ्याच्या डब्याला झाकण नाही. आणि बंड्याचं उरलेलं खाणं मागच्या पायरीवर असायचं.

काकूंना खाऊ घालणं बंद करा म्हणणं चूक आहे, आणि नियमालाही धरून नाही. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे आवारातल्या बेवारस प्राण्यांच्या खाण्याची सोय लावून देणं ही सोसायटीचीच जबाबदारी आहे. शिवाय खाणं अचानक थांबलं तर मांजरं भुकेने घरांत जास्त शिरतात. काकूंशी बोलणं असं झालं: "काकू, वाटी ठेवा, पण जिन्याखाली नको. पुढच्या फाटकाशी, संध्याकाळी सहाला, आणि अर्ध्या तासात उचला." काकूंचा प्रश्न रास्त होता: "आणि उशिरा आलं तर उपाशी राहील ना?" राहत नाही. मांजर चार-पाच दिवसांत वेळ पकडतं. ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा असेल तर पुढे पिंजऱ्यात धरणंही सोपं जातं.

कचऱ्याच्या डब्याला झाकण आणि वर वीट. मागच्या पायरीवरची वाटी कायमची आत.

एका सभासदाने बोक्याला पोत्यात घालून कात्रजच्या घाटात सोडायचं सुचवलं. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये प्राण्याला उपाशी मरेल अशा जागी सोडून देणं हा गुन्हा आहे. कोणी विष घातलं किंवा मारून लुळं केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा बाजूला ठेवला तरी हिशोब जुळत नाही: भाटी आणि खाणं जागेवर असेल तर रिकाम्या जागेत दुसरा बोका येतो, आणि नवा बोका हद्द बसवताना जुन्यापेक्षा जास्त मारामाऱ्या करतो.

1 फेब्रुवारी

घरात नवी अडचण. बोका छज्जावर बसला, बंड्याने काचेतून त्याला पाहिलं, शेपूट फेंदारली आणि शेजारी बसलेल्या मनीवर तुटून पडला. राग बाहेरच्यावर, पंजा घरातल्याला. दोन मांजरं वर्षानुवर्षं एकत्र राहिलेली असली तरी अशा एका प्रसंगाने त्यांच्यात कायमची फूट पडू शकते, म्हणून हे बाहेरच्या मारामारीइतकंच गंभीर धरायचं.

सोडवताना मधे हात घालायचा नाही. पुठ्ठ्याचा मोठा तुकडा, सुपली किंवा उशी मधे सरकवायची, नाहीतर जाड चादर एकावर टाकायची. माणसाला चावा किंवा ओरखडा बसलाच तर साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात लशीसाठी जायचं.

बंड्याला अंधाऱ्या खोलीत एकट्याला ठेवलं. पाणी, शी-शूसाठी माती भरलेला ट्रे, बसायला खोकं, दिवा बंद. समजूत घालायला आत जायचं नाही. भडकलेलं मांजर तासन्‌तास, कधी दोन-तीन दिवस तसंच राहतं. दोघं आपापल्या बाजूला जेवू लागली की दाराखालच्या फटीतून वास, मग जाळीच्या दारातून नजर, मग एकत्र जेवण, या क्रमाने परत आणायचं.

मागच्या खिडकीला आतून फ्रॉस्टेड फिल्म, ओट्यापासून अडीच फूट उंच. साबणाच्या पाण्याने काच ओली करून, रबरी पट्टीने पाणी मधून कडेला काढत लावली. छज्जावर बोका बसतो तिथे पत्र्याचा 45 अंशात उतरता तुकडा बसवला. सहा इंच रुंद सपाट जागा राहिली तरी मांजर बसतं, म्हणून उतार पार भिंतीपर्यंत नेला.

पडद्याच्या कडेला आणि दाराच्या चौकटीला मुतल्याचे डाग सापडले, जमिनीपासून फूटभर उंचीवर. अंधारात यूव्ही टॉर्चने ते पिवळट चमकतात. दाराच्या बाहेरच्या अंगाला बोक्याचे, आतल्या अंगाला बंड्याचे: हा त्याला उत्तर देत होता. नसबंदी झालेला नरही असुरक्षित वाटलं की फवारा मारतो. बोक्याच्या मुताला तो उग्र दर्प फेलिनिन नावाच्या अमिनो आम्लापासून येतो आणि नुसत्या फरशी पुसण्याने जात नाही. ब्लीच किंवा अमोनियाचं क्लीनर वापरलं की वासात वास मिसळून मांजर पुन्हा तिथेच येतं. एन्झाइमचं क्लीनर ओतून, वर ओला कपडा टाकून, 12 तास ठेवून मग पुसायचं. लाकडी चौकटीला दोनदा करावं लागतं.

फेरोमोनचा डिफ्यूझर (मांजरांना शांत करणारा गंध हवेत सोडणारं प्लगचं उपकरण) लावावा का असं घरच्यांनी विचारलं. तो साधारण 50 ते 70 चौरस मीटर बंद जागेसाठी असतो आणि बाटली महिनाभर जाते. आपल्याकडे पंखे आणि खिडक्या दिवसभर चालू असतात. बंड्याच्या बंद खोलीत लावला तर लावा, हॉलमध्ये पैसे वाया.

7 फेब्रुवारी

धरण्याची तयारी. दवाखान्याची वेळ आधी घेतली, पिंजरा नंतर लावला. उलटं केलं तर मांजर हातात आणि डॉक्टर रजेवर असा प्रसंग येतो. महापालिकेच्या योजनेत मांजरं घेतात का, किती दिवसांनी घेतात, हे आधी विचारून ठेवावं. इथे वेळ जुळत नसल्याने खासगी दवाखाना ठरला, खर्च सोसायटीतल्या चार घरांत वाटून.

पिंजरा सुमारे अडीच फूट लांब, एक फूट रुंद, पायपट्टीचा: आतल्या पट्टीवर पाय पडला की दार पडतं. पुढचं दार तारेने उघडं बांधून तो फाटकाशी खाण्याच्या जागेवर ठेवला. पहिल्या दिवशी वाटी दाराशी, मग रोज थोडी आत. पायपट्टीवर वर्तमानपत्र अंथरलं, कारण गार लोखंडावर पाय टाकायला बोका कचरतो. कागद पट्टीच्या खाली दुमडला गेला तर पट्टी दबत नाही, ते रोज बघायचं.

11 फेब्रुवारी

आदल्या संध्याकाळी काकूंनी वाटी ठेवली नाही. पहाटे साडेचारला तार सोडली. आमिष म्हणून भाजलेला सुका बोंबील, पट्टीच्या पलीकडे. दारापासून आत सुकटीचे चार-पाच कण, जास्त नाहीत, नाहीतर दारातच पोट भरतं. पिंजरा नजरेच्या टप्प्यात ठेवायचा, एकटा सोडायचा नाही. कुत्री आली किंवा ऊन चढलं तर आतलं मांजर स्वतःला फोडून घेतं.

पहिली आली ती भाटी. दार पडताक्षणी जाड चादर पूर्ण झाकली. अंधार झाला की धडपड मिनिटभरात थांबते. बोका दुसऱ्या पिंजऱ्यात सहाच्या आधी. एकच पिंजरा असता तर पहिल्या मांजराच्या किंचाळीने दुसरं आठवडाभर फिरकलं नसतं; दोन पिंजरे एकमेकांपासून वीस फुटांवर, मधे भिंतीचा कोपरा.

दोघं रात्रभर उपाशी होती हे डॉक्टरांना सांगितलं. भूल द्यायला ते लागतंच.

14 फेब्रुवारी

बोका 12 तारखेला सकाळी, भाटी आज सोडली. नराला पूर्ण शुद्ध आल्यावर एक दिवस पुरतो, मादीच्या पोटाला टाके असतात म्हणून दोन-तीन दिवस. दोघांना रेबीजची लस, कानाचं टोक सरळ कापलेलं, म्हणजे पुढच्या वेळी लांबूनच ओळख पटेल. धरलं तिथेच, फाटकाशी सोडलं.

घरच्यांना आज स्पष्ट सांगितलं: नसबंदी म्हणजे झोपेची गोळी नाही. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन लवकर उतरतं, पण भटकण्याची आणि मारामारीची सवय मोडायला चार ते सहा आठवडे लागतात, मुरलेल्या बोक्यात काही अंशी राहतेही. तोवर मागचं दार बंदच. याच काळात जाळीचं काम.

20 फेब्रुवारी

आराखडा. अंगणभर कुंपण की घराला चिकटून जाळीची खोली, यावर बराच वेळ गेला.

कुंपण करायचं तर पाच फुटी भिंतीवर रूळ लावता येतात. 4 मिमीची स्टीलची केबल टर्नबकलने (पिळून ताण देणाऱ्या स्क्रूने) ताणायची, तिच्यावर 25 मिमीचा पीव्हीसी पाइप आणि त्याभोवती सैल फिरणारा 75 मिमीचा पाइप. भिंतीवर उडी मारणारं मांजर पुढचे पंजे कडेला रोवतं, रूळ फिरतो, पकड सुटते. दर चार-पाच फुटांवर ब्रॅकेट हवा, नाहीतर केबल झोळते आणि रूळ फिरत नाही. पण भिंतीचं प्लास्टर खडबडीत असेल तर मांजर मागच्या नखांनी चढून रुळावरून पुढे जातं. वरची दोन फूट गुळगुळीत पत्रा लागतो. शिवाय एसी युनिटवरून थेट आत उडी घेणाऱ्याला रूळ लागतच नाही. इथे युनिट भिंतीपासून चार फुटांवर आहे. कुंपण बाद.

हालचालीवर पाणी उडवणारी यंत्रंही बाद. दर 10 मीटर उंचीला 1 बार या हिशोबाने गच्चीच्या टाकीतून तळमजल्याला जेमतेम सव्वा बार दाब मिळतो, लांब फवाऱ्याला तो कमी. उन्हाळ्यातली पाणीकपात वेगळीच. अल्ट्रासोनिक यंत्राचा आवाज घरच्या मांजरांनाही ऐकू जातो; त्यांनाच हुसकावण्यात काय हशील?

जाळीची खोली ठरली: लांबी 8, खोली 4, उंची 7 फूट, घराची भिंत ही चौथी बाजू. 25 × 25 × 1.6 मिमी चौकोनी पाइप साधारण 122 फूट. बाजारात तो 20 फुटी मिळतो, कटिंगची नासाडी धरून सात नग. जाळी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) वेल्डेड, एक इंची चौकोन, 14 गेज म्हणजे 2 मिमी तार, चार फूट रुंदीचा 50 फुटी रोल. मापं चारच्या पटीत घेण्याचं कारण हेच: समोरच्या बाजूला सात फुटांचे दोन तुकडे, दोन कडांना सात-सात, छताला आठ, एकूण 36 फूट, आणि आडवं कुठेच कापायचं नाही. उरलेल्या 14 फुटांतून तळाची घोळ, म्हणजे जमिनीलगत बाहेर वळवायची पट्टी, निघते.

जाळीच्या दुकानात हमखास दोन चुकीच्या गोष्टी पुढे केल्या जातात. षट्कोनी कोंबडीजाळी 20-22 गेजची असते, बोका दात लावून ती वाकवतो. आणि गॅलरीला लावतात ती कबुतरांची नायलॉन जाळी कबुतरांसाठीच आहे. मांजर एका रात्रीत तिला भोक पाडतं. रत्नागिरी-मालवणकडे खाऱ्या हवेत जीआयही टिकत नाही, तिथे स्टेनलेस स्टीलची (एसएस 304) घ्यावी.

दोन इंची चौकोन स्वस्त पडतो, पण त्यातून पंजा पूर्ण जातो. जाळीच्या दोन बाजूंना दोन मांजरं बसली की नाकं आणि पंजे बोचकारले जातात. एक इंचात नखं जेमतेम जातात.

2 मार्च

सांगाडा उभा केला. तुकडे वेल्डरच्या शेडमध्ये जोडले, जागेवर फक्त बोल्ट, म्हणजे उद्या घर बदललं तर उचलून नेता येईल. वेल्डिंगच्या जागी जस्त जळतं, तिथेच गंज सुरू होतो. तारेच्या ब्रशने घासून झिंक रिच प्रायमरचे दोन हात. घराच्या भिंतीला 8 मिमी नायलॉन प्लग, दर दोन फुटांवर. प्लास्टर पोकळ वाजतं तिथे दोन इंच सरकून भोक पाडलं.

सांगाडा कंपाउंडच्या भिंतीला टेकवलेला नाही, पूर्ण चार फुटांचं अंतर आहे. छताला पक्का पत्रा न घालता जाळीच, फक्त घराकडच्या निम्म्या भागावर पॉलिकार्बोनेट, फुटाला एक इंच उतार देऊन. मांजरांना ऊन हवं असतं आणि सोसायटीला पक्कं बांधकाम नको असतं.

जाळी आतल्या अंगाने, दर सहा इंचांवर 25 मिमी वॉशर घालून सेल्फ-ड्रिलिंग स्क्रूने. वॉशर नसेल तर स्क्रू चौकोनातून आरपार निसटतो. तळाला जाळीची फूटभर घोळ बाहेरच्या बाजूला, शहाबादी फरशीखाली. मांजर उकरत नाही, घूस उकरते, आणि घुशीच्या बिळातून पुढे बाकीचे येतात.

खालचे दोन फूट अपारदर्शक सिमेंट बोर्ड, तळाशी पावसाच्या पाण्यासाठी 2 सेंमी फट. जाळीच्या खोल्यांत सगळ्यात जास्त वेळा हाच भाग सुटतो. नुसती जाळी असली की बोका बाहेर येऊन बसतो, नजरेला नजर भिडते, फवारा जाळीतून थेट आत येतो आणि आतलं मांजर तिथे जायचं सोडतं. जाळीने दात अडतात, धाक अडत नाही.

8 मार्च

आतली मांडणी. फळ्या फूटभर रुंद, दोन, साडेतीन आणि सव्वापाच फुटांवर, सगळ्या घराच्या भिंतीला. जाळीलगत फळी नको. सर्वांत वरच्या फळीला उतरायला दोन वाटा: बंड्या पळतो हे माहीत असल्याने एका टोकाला मनी बसली तर दुसरीकडून खाली येता आलं पाहिजे.

स्वयंपाकघराच्या सरकत्या खिडकीत 6 मिमी ॲक्रिलिकचं पॅनल बसवून त्यात साधं झडपेचं दार. चिप वाचणारं दार इथे लागत नाही, कारण खोलीत बाहेरचं कोणी येत नाही. मांजर मोकळं बाहेर जात असेल तिथे मात्र चिपचंच घ्यावं. मानेच्या कातडीखालची 15 अंकी चिप 134.2 किलोहर्ट्झवर वाचून ते फक्त घरच्यांना उघडतं. चुंबकाच्या पट्ट्याची दारं दुसऱ्या कुठल्याही चुंबकाने उघडतात. चिपच्या दारातूनही चलाख बोका घरच्या मांजरामागोमाग आत घुसतो, म्हणून दारासमोर आतून फूटभरावर आडवी फळी ठेवून वळण द्यायचं.

साफसफाईचं बाहेरचं दार दोन फूट रुंद, स्प्रिंगची बिजागरी, वर-खाली दोन कड्या. नियम एकच: बाहेरचं दार उघडायच्या आधी खिडकीतली झडप बंद.

15 मार्च

मांजरांना खोलीत सोडलं, आधी मनी एकटी, मग बंड्या एकटा, मग दोघं. जेवण दिवसा तिथेच. बोका दिसतो त्या पहाटेच्या आणि रात्रीच्या वेळा सध्या टाळल्या. मातीचे ट्रे घरात तीन (मांजरांपेक्षा एक जास्त), वेगवेगळ्या खोल्यांत. वापरलेली माती भिंतीबाहेर पसरवून हद्द दाखवावी असा सल्ला फिरतो. तो बोक्याला दिलेलं आव्हान ठरतं.

21 मार्च

बंड्याची एफआयव्ही आणि एफईएलव्ही (मांजरांच्या ल्युकेमियाचा विषाणू) तपासणी, दोन्ही निगेटिव्ह. एफआयव्ही पॉझिटिव्ह आली असती तरी मांजराला सोडून द्यायचं कारण नव्हतं. घरातच ठेवलेली अशी मांजरं वर्षानुवर्षं नीट जगतात, आणि हा विषाणू भांडण नसलेल्या घरात एका ताटात खाल्ल्याने सहसा जात नाही. एफईएलव्हीचं तसं नाही, तो थुंकीतून, एकमेकांना चाटण्यातूनही जातो. आलं असतं तर मनीला वेगळं ठेवावं लागलं असतं.

5 एप्रिल

कॅमेऱ्यात बोका अजून दिसतो, आठवड्यातून एक-दोनदा, फाटकाच्या वाटीपाशी. अंगणात बसणं थांबलंय. दाराच्या चौकटीवर नवा डाग नाही. भाटी मीटररूममध्येच आहे आणि आता तिच्याभोवती गर्दी नाही. दोघांनी फाटकाची बाजू धरली आहे, तेवढं पुरे.

खिडकीची फिल्म काढायची घाई झाली होती. खालच्या अर्ध्या काचेवरची राहू दिली.

12 जून

पहिल्या मोठ्या पावसानंतरची तपासणी. पॉलिकार्बोनेटच्या कडेच्या पागोळ्या थेट खालच्या फळीवर पडत होत्या, पत्र्याचा छोटा पन्हाळ लावला. दोन वेल्डवर तांबूस ठिपके आले होते. घासून पुन्हा झिंक. सिमेंट बोर्डाखालची फट पानांनी तुंबली होती, ती दर आठवड्याला मोकळी करायची. झडपेच्या कडेचा ब्रश ओला राहून जड झाला की बंड्या ढकलत नाही आणि घरात ट्रेबाहेर घाण करतो, म्हणून पावसाळाभर झडप आतून टेपने उघडी ठेवली आणि रात्री खिडकीच सरकवून बंद.

बाहेरच्या दोघांच्या रेबीजच्या बूस्टरची तारीख पुढच्या फेब्रुवारीत, काकूंच्या कॅलेंडरवर लिहून दिली. पुढची तपासणी गणपतीनंतर. तेव्हा जाळीआधी मीटररूम बघायची: अखंड कानाचं नवं मांजर दिसलं तर लगेच दवाखान्याची वेळ घ्यायची.